पडद्याआडचा हुंकार

एकदा असं झालं. एका शिक्षणसंस्थेत एक वृद्ध आचार्य होते आणि त्यांच्या हाताखाली सुलक्षणा नावाची शिष्या संशोधन करीत होती. विषय अगदी आजचा होता: विद्यार्थी मोबाइलवरचं शिक्षण कसं वापरतात, आणि त्यांना ते कसं वाटतं. संस्थेने वसतिगृहातल्या मुलींसाठी शिकवणीचं एक संकेतस्थळ सुरू केलं होतं. कोणी किती वेळ पाठ पाहिला, कुठे बोट लावलं, काय लिहिलं, सगळी नोंद सुलक्षणेकडे आपोआप येई. वसतिगृहाची पायरी चढायची तिला कधी गरजच पडली नाही. आता तिचा अहवाल विश्वस्तांकडे जायचा होता. तो अनुकूल निघाला, तर संध्याकाळी ज्या तासाला शिक्षक समोर बसून मुलींच्या शंका सोडवीत, तो तास कायमचा बंद होणार होता.

आणि अहवाल अनुकूल म्हणजे काय, नुसता लखलखीत होता!

अहवाल विश्वस्तांना द्यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती तो घेऊन आचार्यांच्या घरी गेली. आचार्य म्हणाले, "आज डोळ्यांना उजेड सोसत नाही गं. मी आत पडद्याआड बसतो. तू वाच खुशाल."

ती वाचू लागली. आतून "हं" आलं. थोड्या वेळाने "बरं." मग "पुढे." एवढा चिकित्सक माणूस एकदाही अडवत नाही म्हटल्यावर बाईसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "निष्कर्ष पटतो ना, सर?" तिने मध्येच विचारलं. "हं," आतून आवाज आला.

शेवटचं पान झालं. "संपलं, सर."

"पुढे."

"सर, अहवाल संपला."

"हं." मग जरा थांबून, "बरं. पुढे."

घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. सुलक्षणेच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने पडदा बाजूला केला. खुर्ची रिकामी होती. खुर्चीत आचार्यांचा मोबाइल होता आणि त्यातून त्यांचाच मुद्रित केलेला आवाज आपला "हं… बरं… पुढे" म्हणत होता. तो उचलून बंद करण्याचाही तिला धीर होईना.

तेवढ्यात आचार्य मागच्या दाराने आले. हातात मेथीची जुडी होती.

"ही कसली थट्टा, सर?" तिने विचारलं. "मी जीव तोडून वाचत होते!"

"वाईट वाटलं? वाटणारच," आचार्य शांतपणे म्हणाले. "पण मी आत आहे, हे तुला कशावरून कळलं? हुंकारावरून. तो वेळच्या वेळी येत होता, म्हणून तू मला श्रोता मानलंस. अगं, तुझा मसुदा मी वाचलाय. त्यात असा हुंकार पानोपानी आहे. त्याच्यामागे माणूस आहे की नाही, एवढंच मला सापडलं नाही. पाठ चालू असताना एकदा तिथे जाऊन ये. मग विश्वस्तांना काय द्यायचं ते दे."

ती तशीच निघाली. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दुपारचा पाठ चालू होता. दारातच तिचे पाय थबकले. लांब टेबलांवर ओळीने मोबाइल उभे करून ठेवले होते. प्रत्येकातून त्याच शिक्षकांचा आवाज येत होता, कुठे एक शब्द पुढे, कुठे एक शब्द मागे. बाकांवर मात्र कोणी नव्हतं. एकच मुलगी पाय न वाजवता ओळींतून फिरत होती. एखाद्या मोबाइलवर 'आपण उपस्थित आहात का?' असा प्रश्न उमटला की ती बोट लावायची आणि पुढे सरकायची.

"बाकीच्या कुठे आहेत?"

मुलगी केवढ्याने दचकली! कावेरी तिचं नाव. "आज माझा नंबर आहे, मॅडम," ती चाचरत म्हणाली. "रोज एकजण सगळ्यांची हजेरी लावते. कोणाला सांगू नका हं."

"पण का गं? शिकवणं आवडत नाही?"

"शिकवणं चांगलंय की. आधी सगळ्या बसायचो. मग मला एक शंका आली, ती खालच्या चौकटीत लिहिली. 'आपला सहभाग नोंदवला आहे, धन्यवाद' असं आलं. परत लिहिली, परत धन्यवाद. मग रागानं लिहिलं, तिकडे कोणी आहे का? त्यालाही धन्यवादच! खरं सांगते मॅडम, तेव्हा भीती वाटली. तिकडे कोणीच नाही, तर इकडे आम्ही कोणासाठी बसायचं?"

सुलक्षणा मटकन बाकावर बसली. त्या चौकटीतला शब्द न् शब्द तिच्याचकडे येत होता. 'सहभाग उत्तम' म्हणून तिने तो मोजला होता, वाचला एकदाही नव्हता. शरमेने तिला मान वर करवेना.

मोबाइलांवर पुन्हा प्रश्न उमटू लागला. कावेरीचं बोट सवयीने पुढे झालं. सुलक्षणेने तिचा हात धरला. उत्तर मिळेना, तसा एकेक आवाज बंद पडत गेला आणि अभ्यासिका शांत झाली.

"तिकडे मी होते, कावेरी," ती म्हणाली. "काय शंका होती तुझी?"

कावेरी तिच्या शेजारी येऊन बसली आणि सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांकडे अहवाल गेला नाही. संध्याकाळचा तास चालू ठेवावा, एवढाच निरोप गेला.