जांभळाच्या शेंड्यावरची सभा

एका जंगलात समाजसेवेचे भारी वेड असलेला एक वानर राहत असे. मनाने अगदी सोन्यासारखा. फक्त एकदा बोलायला लागला की आवरत नसे. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढा आटला आणि पाणी उरले ते एका खोल डोहात. डोहाचा काठ भिंतीसारखा उभा. ससे, साळिंदर काठावर येत, खालचे पाणी बघत आणि कोरड्या तोंडाने परत जात. पिल्ले तर तहानेने कासावीस झाली होती.

"जनता संकटात आहे!" म्हणत वानराने तातडीची सभा बोलावली. कुठे? तर जांभळाच्या शेंड्यावर, म्हणजे अध्यक्ष सर्वांना दिसावेत! सभेला आले एक कावळा आणि दोन पोपट. बाकीचे खाली माना वर करून उभे. "लोकांना आस्थाच नाही हो!" वानर हळहळला. मग, मुलांनो, एकमताने ठराव झाला की सर्वांना जांभळे वाटावीत. वरून जांभळांचा नुसता मारा सुरू झाला. आधीच घसा सुकलेला, त्यात तुरट जांभळे! "अहो, पाणी! पाणी!" साळिंदर खालून ओरडला. वानराने नम्रपणे हात जोडले. "आभार कसले मानता? कर्तव्यच आहे माझं!"

हात जोडताना तो जरा जास्तच वाकला आणि फांदीसकट खाली आला. पाय चांगलाच मुरगळला. तहान लागली म्हणून लंगडत लंगडत तो डोहापाशी गेला, पण त्या पायाने खाली उतरता येईना. बिचाऱ्याला रडूच कोसळले.

"आमचं चार दिवस हेच चाललंय," शेजारी बसलेला साळिंदर म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! तुम्ही आभार समजलात."

वानर ओशाळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने विचारले, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"उतरायला वाट. उकरायला आम्ही आहोत, पण मधला धोंडा आमच्याने हलत नाही."

साळिंदरांनी माती उकरली, वानराने बसल्या बसल्या दोन्ही हातांनी धोंडा ढकलला आणि दिवस मावळायच्या आत पिल्ले पोटभर पाणी प्यायली.

तेव्हापासून सभा जमिनीवर भरू लागली. वानर तिथे सर्वांत कमी बोलत असे. महिन्याभराने कावळ्याने विचारले, "अध्यक्ष, पाय अजून बरा नाही वाटतं?"

"पाय केव्हाच बरा झाला," वानर म्हणाला. "कानांना आत्ता कुठे गुण येतोय."

तात्पर्य : समाजसेवा करायला निघालेल्याने आधी लोकांच्या शेजारी बसावे आणि काय हवे ते त्यांनाच विचारावे.