मांडववाल्याची गच्ची

“आणि आता, बुवा? आता काय राहिलं?”

हा प्रश्न मुगुटराव भोईटे तिसऱ्यांदा विचारत होते. स्वतःच्याच गच्चीवर, कमरेवर हात ठेवून, उभ्यानं.

भैरूबुवा दारातच थांबले. हातात चपला, खांद्याला फुगलेली पिशवी.

मुगुटराव म्हणजे कोरेगावातले नावाजलेले मांडववाले. पंचवीस वर्षं लोकांची लग्नं सजवून झाल्यावर त्यांनी आपली गच्ची सजवायला घेतली. खाली प्लास्टिकची हिरवळ, मध्ये वेताचा झोपाळा, भोवती बारा खुर्च्या, कोपऱ्यात कारंजं. आणि दिव्यांच्या माळा इतक्या, की त्या पहिल्यांदा पेटल्या त्या संध्याकाळी मागच्या आळीतला कोंबडा सूर्य उगवला समजून आरवला. खोटं वाटत असेल तर कोंबड्यालाच विचारता आलं असतं, पण पुढच्या रविवारी त्याचा रस्सा झाला.

हा सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी होता. बुवांच्या बैठकीसाठी.

बुवा जन्मभर गवंडी. हात थकले तेव्हा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जकात नाक्याच्या पत्र्याखाली जाऊन राहिले. संध्याकाळी तिथं पाच-दहा माणसं जमायची. भजन नाही, प्रवचन नाही. बसायचं, बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. ती बैठक आपल्या गच्चीवर भरावी, एवढंच मुगुटरावांना हवं होतं. त्यापायी दोन महिने झोप उडाली होती.

पहिल्या खेपेला बुवा आले, बघितलं, म्हणाले, “वारा अडतोय.” मुगुटरावांनी रातोरात पडदे उतरवले.

दुसऱ्या खेपेला म्हणाले, “गर्दी झालीय.” अर्ध्या कुंड्या मेव्हण्याच्या दारात गेल्या.

आता ही तिसरी खेप.

“सांगा की बुवा. काय राहिलं?”

“तू कुठं बसतोस?”

“मी?... कुठंही. बारा खुर्च्या आहेत.”

“काल कुठं बसलास?”

मुगुटरावांनी बाराही खुर्च्यांवरून नजर फिरवली. एकही ओळख देईना.

“परवा?”

मांडववाला मांडवात बसत नसतो, हा त्या धंद्याचा रिवाज. मांडववाला बसलेला दिसला की मांडवही बसतोय की काय म्हणून वऱ्हाडी वर बघतात. मुगुटरावांनी हजारो खुर्च्या मांडल्या, पण टेकले एकीवरही नाहीत. जेवणसुद्धा शिडीच्या पायरीवर ताट ठेवून. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते कनातीची दोरी आवळायला गेले होते, आणि अख्खं एक मंगलाष्टक शालनवहिनींचं लग्न रिकाम्या पाटाशी लागत होतं!

“बरं,” बुवा म्हणाले.

पुढं आले, पिशवी उलटी धरली आणि हिरवळीच्या मधोमध रिकामी केली. पावट्याच्या शेंगा. चांगल्या तीन-चार किलो. मातीसकट.

मुगुटराव पुढं धावले.

“थांबा बुवा, खाली पेपर टाकतो.”

“बस. सोल.”

“निदान खुर्चीवर तरी...”

“सोल.”

मुगुटराव मांडी घालून बसले. मांडीनं इतक्या वर्षांनी नाव ऐकल्यासारखा कडकन आवाज केला. समोर बुवा बसले.

तिसऱ्या शेंगेला मुगुटराव उठले.

“कुठं?”

“ती माळ जरा वाकडी दिसतेय.”

“माळ पळून जात न्हाई. बस.”

सातव्या शेंगेला कारंज्याचं पाणी कमी वाटलं. अकराव्याला झोपाळ्याची गादी तिरकी दिसली. प्रत्येक वेळी बुवांनी नुसती एक शेंग त्यांच्या हातात ठेवली.

मग टरफलं हिरवळीवर पडत राहिली...

जिन्यात बांगड्या वाजल्या. शालनवहिनी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेर थबकल्या. ओल्या पायांनी गच्चीवर यायचं नाही, असा घरात दोन महिने कायदा होता. तेव्हापासून त्या वर आल्याच नव्हत्या.

त्यांनी नवऱ्याकडे निरखून बघितलं.

“अहो! काय होतंय तुम्हाला? डॉक्टरांना बोलावू?”

“काही नाही गं. का?”

“बसलाय म्हणून विचारलं.”

बुवांना ठसका लागला. हसण्याचा की पावट्याचा, ते त्यांनाच माहीत.

“ये पोरी. हात लाव.”

“माझे पाय ओले आहेत, बुवा.”

असं म्हणून वहिनींनी बघितलं मात्र नवऱ्याकडे.

मुगुटरावांनी हिरवळीकडे बघितलं. माती. टरफलं. मधून एक अळी निवांत चालली होती... ते थोडे बाजूला सरकले आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

“ये की. चहा गार होईल.”

वहिनी आल्या. पावलांचे ठसे उमटले. बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याच्या हातातली शेंग काढून घेतली.

“अशी नाही हो, पिळून काढताय तिला. शिरेकडून ओढायची. ही बघा.”

“पंचवीस वर्षांत कधी शिकवलं नाहीस.”

“पंचवीस वर्षांत कधी बसला होता?”

समोरच्या गॅलरीतून हमीदाभाभींनी हाक टाकली, “शालन! आज गच्ची सगळ्यांना खुली हाय काय गं?”

वहिनी काही बोलायच्या आत मुगुटरावच ओरडले, “या, भाभी! येताना सूप आणा!”

भाभी सूप घेऊन आल्या. रस्त्यावरून सायकल हातात धरून चाललेले पोस्टमन बाबर हा आरडाओरडा ऐकून थांबले, काय झालं ते बघायला वर आले आणि तेही सोलायला बसले. भाभींनी आपल्या सासूची नक्कल केली. बाबरांनी दहा वर्षं पत्ता चुकत फिरलेल्या एका पत्राची गोष्ट सांगितली. पत्रात ‘पोहोचल्याबरोबर उत्तर धाडा’ असं लिहिलेलं होतं म्हणे!

मुगुटरावांना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू आलं. डोळे पुसताना त्यांना झोपाळ्याच्या खालून जरंड्याचा डोंगर दिसला, आणि त्याच्या खांद्यावर टेकलेला सूर्य. खुर्च्या सगळ्या दाराकडे तोंड करून मांडलेल्या, येणाऱ्याला शोभा दिसावी म्हणून. डोंगराकडे खुर्च्यांची पाठ होती.

“हा इथून दिसतो होय?” मुगुटराव म्हणाले.

“कोण?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही. ती शेंग दे इकडं.”

अंधारून आलं. दिवे लावायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पावटा काय, हाताला कळतो. त्या संध्याकाळी मागच्या आळीत एकही कोंबडा अवेळी आरवला नाही.

सूप भरलं. वहिनी भात टाकायला खाली गेल्या. जाताना सगळ्यांना बजावून गेल्या, जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. भाभी मदतीला त्यांच्या मागं गेल्या. बाबरांनी पाठ भिंतीला टेकली. मुगुटराव टरफलांच्या ढिगाशेजारी पाय पसरून बसून होते, आणि एक माळ अजून वाकडीच होती.

बुवांनी रिकामी पिशवी झटकली. “जेवायला येतोच. जरा नाक्यावर दिवा लावून येतो,” म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

तीन पायऱ्या उतरले. थांबले.

“मुगुटा...”

“जी बुवा?”

“आता काय राहिलं, ते पुन्हा विचारायचं विसरलास.”

मुगुटरावांनी जीभ चावली. घाईनं उठायला लागले.

“बस, बस... उद्यापासनं बैठक हितं.”