पन्नास माणसांचा अंगठा

आमच्या निवळी गावाच्या तक्रारींच्या ॲपवर नापसंतीचा उलटा अंगठा कुणाचाही एकच मोजला जायचा, सरपंच दादासाहेबांचा मात्र पन्नास. पन्नास अंगठे भरले की तक्रार गायब, म्हणजे त्यांनी एकदा दाबला की संपलं. सुभद्रा गुरवनं "पाण्याच्या टाकीत बेडूक आहे" असं लिहिलं, तेही गेलं.

तिनं चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं, "दादासाहेब, तुमचा अंगठा पन्नासाचा का?"

"कारण मी एकटा पन्नास माणसांच्या बरोबरीचा आहे."

रविवारी तळ्यातला गाळ काढायचा होता. दरवर्षीचा रिवाज, माणशी दहा टोपल्या. दादासाहेबांनी दहावी टाकली, फोटो काढून घेतला आणि हात धुवायला निघाले. सुभद्रानं रिकामी टोपली पुढे धरली.

"दादासाहेब, अजून चारशे नव्वद राहिल्या."

संध्याकाळी ॲपवर दादासाहेबांचा अंगठा एकाचाच झाला होता आणि सुभद्राचा बेडूक परत आला होता.