लांब बॅरल

“...पण बंदुकीची बॅरल लांब असली की गोळी सरळ जाते, हे तरी खरं ना, वस्ताद?”

गनी वस्ताद मास्कची काच फडक्यानं पुसत राहिले.

हर्षल सरनोबत एवढ्यावर गप्प बसणारा नव्हता. कोल्हापूरबाहेरच्या माळावर पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्यांच्या बंदुकांचा खेळ, शिकवणाऱ्या या म्हाताऱ्याला सगळी पोरं तालमीतल्यासारखं वस्तादच म्हणत, आणि त्यांच्या चेल्यांत आपल्यासारखा नेमबाज नाही, अशी हर्षलची खात्री होती. रविवारपर्यंत होती म्हणा.

रविवारच्या सामन्यात त्याची जोडीदार केतकी आडोसा सोडून पुढच्या ड्रमाकडं पळाली. ती पोचेपर्यंत हर्षलनं रंगाच्या गोळ्या झाडत राहायच्या, समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. त्यानं झाडल्याही. समोरच्यानं मात्र आरामात उभं राहून केतकीच्या बरगडीवर रंग फोडला. बाद झालेल्यानं हात वर करायचा असतो, तसा तिनं केला आणि बाहेर जाता जाता म्हणाली, “यापुढं तुझ्या भरवशावर मी पळणार नाही.”

बिचाऱ्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणायच्या आत त्यानं बंदुकीला नवी बॅरल बसवून घेतली. चांगली हातभर लांब, टोकाला भोकं पाडलेली.

“सांगा की, वस्ताद. पुढच्या सामन्यात तिनं पळायला पाहिजे...”

वस्ताद उठले. मास्क चढवला, आपली जुनी आखूड नळीची बंदूक घेतली आणि समोरच्या टायरांच्या ढिगाजवळ उघड्यावर जाऊन उभे राहिले.

“मार मला.”

हर्षलनंही मास्क लावला. ड्रमाआडून डोकावला, चाप ओढला आणि झटकन खाली बसला. वस्तादांची गोळी ड्रमावर फुटली. पुन्हा डोकावला, ओढला, बसला. असं बराच वेळ चाललं.

“लागली का रं?” वस्तादांनी ओरडून विचारलं.

“लागली असेल!”

“कुठं?”

“ते मला कसं दिसणार? मी खाली होतो.”

“व्हय.”

हर्षल हळूच उठला. वस्तादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रंगाचा एक थेंब नव्हता.

“आता मार. पर खाली बसू नगंस.”

“तुम्ही नाही ना मारणार?”

“मारणार की.”

तरी हर्षल उभाच राहिला. चाप ओढला... गोळी वस्तादांच्या डाव्या कोपराबाहेरून निघून गेली. आपली गोळी जाताना तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं बॅरल किंचित वळवली आणि पुन्हा ओढला.

त्याच क्षणी खांद्यावर फटका बसला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण त्या पाण्यातूनही त्याला दिसलं, वस्तादांच्या सदऱ्यावर छातीशीच पिवळा रंग फुटला होता.

दोघांनीही हात वर केले.

वस्ताद जवळ आले तेव्हा हर्षल मास्क हातात घेऊन खाली मान घालून उभा होता.

“म्हणजे केतकी पळाली तेव्हाही मी खालीच बसत होतो.”

वस्तादांनी त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

बंदुकीकडं बघत त्यानं विचारलं, “मग ही बॅरल काढून टाकू?”

“कशाला? बरी हाय की.”

“म्हणजे हिनं फरक पडतो?”

“पडतो.”

“कुणाला?”

“आपली गोळी कुठं जाती, ते बघायला जो उभा ऱ्हातो... त्येला.”