डाव्या चाकातला नट

भैरोबाचा रथ ओढायचा मान गोजराबाईच्या जुनाट ट्रॅक्टरला होता, आणि ते बघून सरपंच मानाजीरावांच्या पोटात दरवर्षी दुखायचं. नवाकोरा ट्रॅक्टर त्यांच्या दारात, आणि हार त्या खटाऱ्याला! यंदा जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, कुणी नाही असं बघून, त्यांनी त्या खटाऱ्याच्या मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रममध्ये फटीतून एक सुटा नट टाकला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर देवळापुढे आला तो मागच्या ॲक्सलपाशी खडखडतच. लोक चपापले.

मानाजीरावांनी मिशीवर हात फिरवला. "हा आवाज कशाचा ते भल्याभल्यांना कळायचं नाही. मी सांगितलं, तर मान माझ्या ट्रॅक्टरला?"

"दिला," गोजराबाई म्हणाली. "पण चुकलात तर पुन्हा मागायचा नाही."

मानाजीरावांनी चाकाला कान लावल्यासारखं केलं. "डावं चाक. ड्रममध्ये नट पडलाय. खोला!"

ड्रम खोलला. आत काहीच नव्हतं. मानाजीरावांनी स्वतः हात घालून चाचपलं. "असं कसं होईल? इथंच तर..."

गोजराबाईनं कनवटीचा नट काढून पुढे धरला. "हा शोधताय? सकाळी खडखड ऐकली तेव्हाच मी काढला. आत्ता वाजत होता तो ॲक्सलखाली मी बांधलेला खड्यांचा डबा."

"म्हणजे नट होता ना!" मानाजीराव उसळले. "मग मी बरोबरच सांगितलं!"

"अगदी बरोबर, सरपंच. तो नट तिथं होता हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक मी, काढणारी."

दुसरा कोण, हे कुणी विचारलंच नाही.