कोंडाईनं खारट काहील गोड केली

चैत्रातल्या त्या दिवशी सकाळचे बरोबर आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आता कुणी म्हणेल, तेव्हा गावात घड्याळ कुठलं? घड्याळ नव्हतंच. पण वनजाईच्या देवळाच्या उंबऱ्यावर ऊन पोचायला आणि खालच्या खिंडीत ढोल वाजायला एकच गाठ पडली, असं म्हणतात. चैत्रात त्या उंबऱ्यावर ऊन आजही आठ दहालाच पोचतं. कुणाला खोटं वाटलं तर जाऊन बघावं.

फार वर्षं झाली त्या गोष्टीला. पठारावर काळदरा नावाचं गाव होतं, बटाटा पिकवणारं. खिंडीच्या खाली पाणवठे नावाचं गाव होतं. काळदऱ्याची वनजाई थोरली आणि पाणवठ्याची जानाई धाकटी, अशा त्या बहिणी. दर चैत्रात धाकटीची काठी वाजतगाजत थोरलीच्या भेटीला यायची. काठी म्हणजे झाडाएवढा उंच कळक, त्याला लाल-पिवळी फडकी आणि शेंड्याला मोरपिसं. ती उभी धरूनच आणायची. वरच्या गावानं काठीकऱ्याला पहिला घास भरवला की मगच ती टेकवायची. घासाआधी काठी भुईला लागली तर बहिणी रुसल्या, असं धरायचं. मग बारा वर्षं ना सोयरीक, ना येणंजाणं. लेकीनं माहेरी जायचं नाही आणि भावानं बहिणीच्या दारात यायचं नाही.

येसू ही पाणवठ्याची लेक आणि काळदऱ्याची सून. आदल्या साली खाली तापाची साथ होती म्हणून काठी आलीच नव्हती, आणि लेकी तर काठीमागूनच माहेरी जायच्या. येसूचं पहिलं बाळंतपणही त्यामुळे सासरीच झालं. बाळ आता बसायला लागलं होतं, तरी तिच्या आईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. या वर्षी काठी धरून तिचा भाऊ भिवा येणार होता, आणि काठी परत निघाली की येसू बाळाला घेऊन तिच्यामागं माहेरी जाणार होती. गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. बाळाला ऊन लागेल का, खिंडीत वारा लागेल का, आजी त्याला ओळखेल का, असं नाही नाही ते तिच्या मनात येत होतं, आणि तरीही पाय जमिनीवर ठरत नव्हते.

ढोल वाजला तेव्हा देवळापुढं काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, बटाट्याची भाजी शिजून तयार होती. आता त्या गावाची एक रीत ऐका. प्रसादाच्या भाजीत आचाऱ्यानं मीठ घालायचं नाही. प्रत्येक घरच्या बाईनं यायचं आणि आपल्या घरची एकच चिमूट काहिलीत सोडायची, म्हणजे सगळं गाव एकमेकांच्या मिठाचं झालं. आणि असं सगळ्यांचं मीठ पडलेलं अन्न सांडायचं नाही, फेकायचं नाही, गुरांनाही घालायचं नाही. रीत चांगलीच होती. पण त्या वर्षी दोन सालांचा आनंद एकदम आला होता ना. पाणवठ्याच्या लेकी काळदऱ्यात घरोघरी सुना होत्या. प्रत्येकीनं एक चिमूट सासरची सोडली आणि कुणी बघत नाही असं पाहून एक मूठ माहेरची सोडली. येसूनंही सोडली. सासवांचं म्हणाल, तर त्या मागं राहणाऱ्या थोड्याच. त्याही कधीकाळी पाणवठ्याच्याच लेकी होत्या.

नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. पण लेकराला कसला नेम? येसूच्या कडेवरच्या बाळानं पळीला लागलेला बटाटा मुठीत धरला आणि तोंडात घातला. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की त्यानं आधी डोळे मिटले, मग जीभ बाहेर काढली, मग भोंगाच पसरला. येसूनं त्याचं बोट आपल्या जिभेला लावलं आणि तिला आपली माहेरची मूठ आठवली.

काहिलीचा मान तिच्या सासऱ्याचा, म्हातारबाचा होता. येसू त्याच्याकडे धावत गेली.

"मामंजी, भाजी खारट झालीय."

"थोडी असंल."

"थोडी नाही. समुद्र झालाय."

"तू कधी बघितलास समुद्र?"

"आत्ता बघितला," येसू म्हणाली.

म्हातारबा खाली बसला. दुसरी भाजी करायची तर पहिलीचं काय करायचं? सांडता येत नाही. वाढली तर काठीकरी पहिला घास थुंकणार. आणि ढोल तर वेशीवर आला होता.

तेवढ्यात वेशीबाहेरच्या चिंचेखालून कोंडाई आली. कोंडाईला मागंपुढं कुणी नव्हतं. पाल्याचं एक खोपट होतं तिचं. त्याला गाव घर मानत नव्हतं, म्हणून तिच्या मिठाची चिमूट काहिलीत कधी पडलेली नव्हती. रानातला पाला वेचून शिजवायचा आणि खायचा, हेच तिचं जगणं. बाया थट्टा करायच्या, "कोंडाई, गावात वैरण उरू द्याल का?" त्यावर ती म्हणायची, "तुझ्या सासूला सांग, तिच्या वाटणीची ठेवते."

तिनं काहिलीत बोट घातलं. चाखलं. सगळ्या बाया खाली मान घालून उभ्या.

"मीठ जास्त नाही पडलं," कोंडाई म्हणाली, "भाजी कमी पडलीय."

कुणाला काही उमगेना. तिनं म्हातारबाला सांगितलं, "तुझी आरण उघड." आरण म्हणजे सावलीला पेंढा घालून, झाकून ठेवलेला बटाट्याचा ढीग. म्हातारबा चाचरला. "आवं, त्यात बेणं आहे. पुढच्या पेरणीचं."

"लेकी अडकून पडल्यावर पेरून कुणाला घालशील? उघड."

त्यानं आरण उघडली. मग कोंडाईनं लुगड्याचा ओचा खोचला आणि सगळ्या बायांना रानात पिटाळलं. बटाटा निघालेल्या वावरात ओल धरून राहिलेली चिघळ, बांधाकडेचा चंदनबटवा, पाथरीची कोवळी पानं आणि चिंचेची नुकती फुटलेली तांबूस पालवी, असा पाला आणायचा. "चिंचेचं आंबट खाराला धरून ठेवतं," ती म्हणाली. "आणि जे ओळखीचं नाही त्याला हात लावायचा नाही. हे खाणारी लेकरं आहेत."

काय धावपळ उडाली म्हणता! बाया ओट्या धरून पळत होत्या, म्हाताऱ्या दगडावर लसूण ठेचत होत्या, गडी चुलाणं पेटवत होते, घराघरातून हंडे आणि पातेली बाहेर येत होती. येसू बाळाला पाठीशी बांधून चिघळ खुडत होती, आणि देवळाकडे बघत होती. काठी येऊन उभी राहिली होती. खाली भिवा, कळक छातीशी धरून. बहिणीला पाहून तो हसला, पण त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. काठी एकदा धरली की घास मिळेस्तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हाही नेमच.

"येसे, जेवायला बोलावलंस का उभं करायला?" तो ओरडला.

"तुझ्यासाठीच निवडतेय. गप उभा राहा."

बोलली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि पाला पुरेना. चैत्राच्या उन्हानं माळ करपलेला, वावरातलं हिरवं बायांनी केव्हाच खुडलेलं. तेव्हा कोंडाई स्वतः उघड्या माळावर चढली. तिथं तर खडकावर खडक. पण ती जिथं वाकली तिथं हिरवं उगवलं, असं म्हणतात. एक पाऊल टाकावं, वाकावं, मूठ भरावी. येसूनं हे डोळ्यांनी पाहिलं. ती ओटी धरून मागं चालली होती, आणि कोंडाईच्या ओच्यातून तिच्या ओटीत पाला पडत होता आणि ओचा काही रिता होत नव्हता.

खाली आल्यावर कोंडाईनं एकेक मूठ पारखली. तेलात मोहरी तडतडली, लसूण आणि हिरवी मिरची पडली, हळद पडली. चिरलेला पाला पडला तसा चर्र आवाज होऊन सगळ्या देवळावर वास पसरला. मग उकडून सोललेले बटाटे. मीठ कणभरही नाही. वरून त्या खारट काहिलीतली एकेक पळी, दुधाला विरजण लावावं तशी. एक हंडा झाला, दुसरा झाला, पातेलं झालं. काहील रिती होत होती आणि गावभरचे हंडे भरत होते.

इकडे भिवाच्या हातातून कळक घसरू लागला. काठी एका अंगाला कलली. ढोल थांबला. मोरपिसं देवळाच्या कळसाला घासून खाली येऊ लागली आणि पाणवठ्याच्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. येसूनं भाकरीवर भाजी घेतली आणि गर्दीतून वाट काढत धावली. भाजीची वाफ वर काठीला लागली, आणि कळक आपसूक सरळ झाला, असं म्हणतात. भिवानं हात सोडले तरी तो उभाच राहिला. वाळून कोरडाठाक झालेला कळक, पण त्याच्या पेरापेराला हिरवी पानं फुटली. येसूनं भावाच्या तोंडात घास भरवला. त्यानं चावला. सगळं गाव त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

"तुझ्या वहिनीला शिकव ही," भिवा म्हणाला. "पण आधी अजून वाढ."

मग काय, ढोल असा वाजला की पठारावरची पाखरं उठली. दोन्ही गावं जेवली, परत बसली, परत जेवली, तरी हंडे रिते होईनात. म्हातारबा आपल्या हातानं मीठ घेऊन कोंडाईला शोधू लागला. म्हणाला, "तुझ्या घरची चिमूट आज मीच टाकतो, पण तू समोर उभी राहा." कोंडाई कुठंच नव्हती. कुणीतरी सांगितलं, आणखी एक ओटी आणते म्हणून ती माळावर चढलीय. माळावर जाऊन पाहिलं तर माणूस नाही. खडकाखडकांतून हिरव्या पाल्याची एक वाट तेवढी वर गेलेली.

येसू त्याच दिवशी बाळाला घेऊन काठीमागं माहेरी गेली. आजीनं नातवाला ओळखलं. कसं ओळखलं? तर म्हणे त्याच्या तोंडाला चिंचेच्या पालवीचा वास येत होता.

ती हिरवी वाट चैत्रात अजून दिसते. काठीच्या दिवशी बाया तिथूनच पाला खुडतात आणि पहिल्या मुठीपुढं नमस्कार करतात. भाजीत आता घरोघरचं मीठ पडत नाही. गावातली सगळ्यांत एकटी बाई जी असेल तिला हाताला धरून आणतात, आणि तिच्या हातानं साऱ्या गावाचं मीठ पडतं. तो मान तिचाच. त्या सकाळी निरोप निघतो, या दारातून त्या दारात. तुमच्या ओळखीत काळदऱ्याची कुणी सून असेल, पाणवठ्याची कुणी लेक असेल, तर तिलाही तो पोचवा. एवढंच सांगा: मीठ पडलंय, तुझं घरीच ठेव. रिकामी ओटी घेऊन ये, आणि पुढच्या दारी सांग.