नऊ वर्षांचे कुंपण

एकदा एका माळावर एक वृद्ध मेंढपाळ राहत असे. सारे त्याला तात्या म्हणत. म्हाकू नावाचा त्याचा शिष्य मेंढरांची विद्या त्याच्याकडूनच शिकला होता. पण म्हाकूचा जीव होता माळावरच्या काळविटांवर. एके काळी ही काळविटे पार पलीकडच्या डोंगरापर्यंत चरत जात. मग मध्ये शेते झाली, रस्ता झाला, कालवा आला. शिकाऱ्यांनी आणि कुत्र्यांनी कळप निम्म्यावर आणला, तेव्हा म्हाकूने गावाला हाताशी धरून उरलेल्या माळाभोवती दाट काटेरी कुंपण घातले.

नऊ वर्षांत एकही काळवीट शिकाऱ्याच्या हाती लागले नाही. तरी कळप वाढेना. पाडसे अधू जन्मत; काही तर उभी राहण्याआधीच जात. एका सकाळी असेच एक पाडस पुरून म्हाकू मातीच्या हातांनी तात्याकडे आला.

"गवत आहे, पाणी आहे, राखण आहे. मग माझं चुकलं कुठं, तात्या?"

तात्या काही बोलणार, तोच डोंगराकडचा मेंढपाळ सुभाना आपला मेंढा घेऊन आला. दर तीन वर्षांनी दोघे आपापले मेंढे बदलून घेत.

"यंदा बदलायचा नाही," तात्या म्हणाला. "आमचाच बरा आहे."

सुभाना हसला. "म्हातारपणी मेंढ्याची माया सुटेना होय? घे मग, उशाशी घेऊन झोप!"

म्हाकू मात्र कळवळला. "तात्या, असं काय करता? आपल्या मेंढ्याच्याच लेकी आता माजावर येतील. घरातल्या घरात रक्त फिरलं की कोकरं मरतुकडी होतात. एखादा रोग आला तर सगळी एकदम लोळतील. तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं. पण मेंढरांपुरतंच शिकवलं, असं दिसतंय."

म्हाकूची नजर कुंपणाकडे गेली. तो खाली बसला.

तात्या हळूहळू बोलू लागला. "रानात मेंढा बदलायला कुणी येत नाही, बाबा. तिथं तरणा नर आपल्या पायांनी दुसऱ्या कळपात जातो, तिकडचा इकडं येतो. कालव्यानं ती वाट अडवली. पाणी आलं म्हणून मीही गूळ वाटला होता. उरलीसुरली वाट तुझ्या कुंपणानं अडली, आणि त्याचे खांब धरायला मीच उभा होतो. तुझी माया खोटी नव्हती. पण मरणापासून राखताना आपण त्यांना सोयऱ्यांपासूनही तोडलं. विद्या माझ्याकडं होती, आणि नऊ वर्षं मला सुचलं नाही."

सुभानाही आता हसत नव्हता. "डोंगराकडं दहा-बारा उरलीत," तो म्हणाला. "त्यांचीही पाडसं अशीच."

तात्याने मेंढा बदलून घेतला. दुपारी तिघांनी डोंगराच्या बाजूचे कुंपण तोडले.

चौथ्या दिवशी एक तरणा नर त्या वाटेने बाहेर पडला. कालव्यापाशी जाऊन थबकला. सिमेंटच्या उतारावर त्याचा खूर ठरेना. बराच वेळ तो पलीकडे पाहत उभा राहिला आणि मग माघारी फिरला.

"आता?" म्हाकूने विचारले.

"आता वाट मागायची. शेतांतून मागायची, कालव्यावर मातीचा पूल मागायचा. उशीर झालाय रे."

म्हाकू उठला. पहिल्याच शेतात एक शेतकरी पिकाला पाणी देत होता. म्हाकू बांधाशी उभा राहिला.

"दादा, कडेनं थोडी जागा सोडाल का? माझ्यासाठी नाही."